चार नंबरची वाटी

२८ एप्रिल

आज खालिद सरांचा फोन आला. वर्ष होत आलं, तरी त्यांचं नाव दिसलं की मला आधी वाटतं, रेणूला हाक मारायला हवी, तुझ्या सरांचा फोन आहे म्हणून. आज तर निम्मी हाक तोंडातून निघूनही गेली. शीला स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. लाटण्याचा आवाज थांबला आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला.

सर मूळचे कारंज्याचे, आता अमरावतीला शिकवतात. रेणू त्यांच्याच हाताखाली संशोधन करत होती. जुलैमध्ये नागपूरला परिषद आहे. रेणूचं काम अर्धवट राहिलंय. ते कोणी पुरं केलं आणि त्यातून काही निघालं, तर निबंधावर पहिलं नाव तिचं टाकू, असं ते म्हणाले. काही निघालं नाही तर तिचं नाव शेवटी आभारात येईल. म्हणजे मंडपवाल्याचे आभार, चहावाल्याचे आभार आणि रेणूचे आभार. मी म्हणालो, मी करतो. ते म्हणाले, "हरीओमजी, जे निघेल तेच लिहायचं बरं." मी म्हणालो, वीस वर्षं मानोऱ्यात पोरांना केमिस्ट्री शिकवतोय, एवढं मला कळतं. फोन ठेवल्यावर वाटलं, उगाच तोडून बोललो.

प्रयोग तसा पोरखेळ वाटावा इतका साधा आहे. पृथ्वीवर जीव नव्हता, फक्त पाणी, दगड आणि साधीसुधी रसायनं होती, तेव्हा त्या रसायनांच्या साखळ्या कशा झाल्या असतील? आपलं मांस, केस, डोळ्यांतलं भिंग, सगळं अमिनो आम्लांच्या साखळ्यांचंच. दोन अमिनो आम्लं जोडायची तर मधून पाण्याचा एक रेणू बाहेर पडावा लागतो. आणि सगळीकडे पाणीच पाणी असताना तो बाहेर पडणार कसा? म्हणून डबकं हवं. भरणारं, आटणारं, पुन्हा भरणारं. रेणू म्हणायची, "बाबा, पाण्याशिवाय भेट नाही अन् पाणी गेल्याशिवाय जोड नाही." हे ती जेवताना सांगायची, हातवारे करत, आणि शीला तिला आधी घास गिळ म्हणायची.

नुसतं ग्लायसीन वाळवून आपल्या उन्हात काही होत नाही, त्याला भट्टी लागते. म्हणून तिनं त्यात लॅक्टिक आम्ल घातलं, दह्यात असतं ते. ते सोयरीक जमवणाऱ्या मधल्या माणसासारखं आहे. आधी स्वतः हात धरतं, मग हळूच ग्लायसीनला आपली जागा देऊन बाजूला होतं. त्याला एवढी ऊब लागत नाही. मे महिन्यात आमच्या गच्चीवरची काळी फरशी सत्तरला पोचते. "बाबा, अमरावतीला ओव्हन आहे, पण मानोरा तर अख्खंच ओव्हन आहे," असं म्हणून ती गेल्या उन्हाळ्यात इथे आली होती. मे संपता संपता ताप आला, तो मेंदूत गेला. अकोल्याच्या दवाखान्यात तीन दिवस होती.

प्रयोगाचे आकडे मी वेगळ्या कागदांवर ठेवणार आहे. ही डायरी बाकीच्यासाठी.

२९ एप्रिल

कॉलेजच्या लॅबमधून चिनी मातीच्या पाच वाट्या आणल्या. सहावी रेणूची. तिच्या सगळ्या वाट्या गेल्या पावसाळ्यात गच्चीवर फुटल्या, ही एकच वाचली. बुडाला तिच्या हातानं काळ्या मार्करनं चार लिहिलेलं आहे, चारच्या शेपटीला उगाच एक वेलांटी. ती धुताना मी बूड पाण्याखाली धरलं नाही.

तिची एक बाटलीही आहे. ताप येण्याच्या आदल्या दिवशी तिनं वाट्यांमधलं खरवडून एका छोट्या बाटलीत भरलं आणि बूच लावलं. ती बाटली माझ्या कपाटात कपड्यांमागे आहे. चिमूटभरच माल आहे, एकदा तपासला की संपला. तो मी काढणार नाही. त्याची गरजच पडणार नाही.

४ मे

रोजचा क्रम ठरला. सकाळी प्रत्येक वाटीत शुद्ध पाणी. दुपारपर्यंत ते आटतं, तळाशी पांढरा थर उरतो. संध्याकाळी जाळी झाकायची. दुसऱ्या दिवशी तेच. गच्चीवर दुपारी उभं राहिलं की चपलेतून तळपाय भाजतात. शेजारी सुलतानबीच्या गच्चीवर शेवया वाळत असतात. आमच्या गच्चीवर यंदा काही नाही. एरवी मे महिन्यात इथे पाय ठेवायला जागा नसायची, कुरडया, पापड, वड्या. शीलानं यंदा काही घातलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आज ती आपणहून वर आली. वर्षभरात पहिल्यांदा. वाट्यांकडे बराच वेळ पाहत उभी राहिली. मग विचारलं, रेणूची कोणती. मी चार नंबर दाखवला.

"ह्याच्यात जीव येईन?" ती म्हणाली.

मी म्हणालो, जीव नाही येणार. जीव यायच्या आधीचं जे असतं, ते आलं तर येईल.

"तिनंबी मले असंच सांगतलं होतं," ती म्हणाली, "जीव यायच्या आधीची वाट म्हणे." आणि खाली निघून गेली.

मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत शीलानं माझ्या विषयात रस घेतला नव्हता. आता हाताला काही काम मिळालं तर मनही थोडं बाजूला होईल.

नाहीतर तिच्या मनात अजून ते टोपलं बसलेलं आहे. गेल्या वर्षी रेणू गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी माझी मोठी बहीण गोजराबाई धनजहून आली होती. तिनं रेणूची खाट होती तिथे जमिनीवर पीठ चाळून पसरलं, शेजारी दिवा लावला आणि वर टोपलं झाकलं. सकाळी पिठावर जे पाऊल उमटेल त्या जन्माला माणूस गेला, असं आमच्याकडे मानतात. पाखराचं, गाईचं, मुंगीचं, कशाचंही. सकाळी टोपलं उचललं तर पीठ जसंच्या तसं. मी म्हणालो, खिडक्या बंद, दार बंद, पावलं येतील कुठून? गोजराबाई माझ्याकडे न बघता शीलाला म्हणाली, "पोरगी अजून कुठंच गेली नाही व बाई." ते एक वाक्य बोलून ती धनजला निघून गेली आणि ते वाक्य आमच्या घरी राहिलं. मी त्यावर पुष्कळ बोललो, शास्त्र सांगितलं, चिडलो. शीलानं एकदाही वाद घातला नाही.

८ मे

पहिली तपासणी. थर थोडा खरवडून नळीत घ्यायचा, पाण्यात विरघळवून त्यात कॉस्टिक सोडा आणि मोरचूद घालायचं. साखळी नसेल तर रंग निळा राहतो. साखळी असेल तर जांभळा. सहाच्या सहा निळ्या.

खाली आलो तर शीला दारातच. "काही दिसलं?" मी नाही म्हणालो. तिनं मान हलवली, जणू तिलाही ते माहीत होतं.

हल्ली ती रोज सकाळी हेच विचारते, आणि माझ्याआधी उठून गच्ची झाडून आलेली असते. संध्याकाळी जाळी झाकायचं कामही तिनंच घेतलंय, तुमच्या गुडघ्याले जिना सोसत नाही म्हणाली. खरंच सोसत नाही.

१२ मे

काल पारा चव्वेचाळीसच्या पुढे गेला. कॉलेजला सुटी असल्यामुळे दिवसभर घरीच. किराणा आणायला गेलो तेव्हा गव्हाचं पीठही आणलं. गेल्या आठवड्यातच दळून आणलं होतं, दोन माणसांना इतकं पीठ कसं लागतं कळत नाही. शीलाला म्हटलं तर म्हणाली, सांडलं.

चार नंबरच्या वाटीत फरक वाटतो. बाकीच्या पाचांचा थर कोरडा, खरवडला की भुगा होतो. चारचा थर चिवट आहे. चमच्याला चिकटतो, पापुद्र्यासारखा सुटतो. लांब साखळ्या झाल्या की चिवटपणा येतोच. मी हे स्वतःला दोनदा समजावलं आणि मग जिन्यात बसून राहिलो.

मुंग्याही फक्त चारच्याच वाटीकडे येतात. आम्लाच्या वाटीकडे मुंग्यांनी कशाला यावं?

१४ मे

लिहू की नको असं झालं होतं. लिहितो.

आज शीलाला ताप होता म्हणून सकाळी मीच आधी वर गेलो. चार नंबरच्या वाटीत पांढऱ्या थरावर खुणा होत्या. बारीक, एका ओळीत, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. कोणी सुईच्या टोकानं चालत गेल्यासारख्या. मी पाणी घालायला हात उचलला आणि घालवेना. वारा नव्हता. जाळी जागेवर होती. मुंगीच असणार, दुसरं काय असणार. पण मुंगी गेली तर सगळ्या वाट्यांत का नाही गेली, आणि कालच्या सुकलेल्या कडक थरावर मुंगीचं पाऊल उमटेलच कसं?

शेवटी पाणी घातलं. खुणा विरघळल्या. शीलाला काही सांगितलं नाही. तिनं झोपल्या जागेवरून विचारलं, काही दिसलं? मी नाही म्हणालो. खोटं बोलण्याचं काहीच कारण नव्हतं.

१६ मे

जांभळा.

चार नंबर जांभळा. बाकी पाच निळे. नळी भिंतीच्या चुन्यासमोर धरली, कागदासमोर धरली, उन्हात धरली. जांभळा म्हणजे जांभळाच, वांग्याच्या देठाशी असतो तसा.

मी ओरडतच खाली आलो असणार, कारण सुलतानबी तिच्या गच्चीवरून वाकून पाहत होती. शीलाच्या हातात नळी दिली आणि म्हणालो, आलं. रेणूच्या वाटीत आलं. ती नळी दोन्ही हातांत धरून खाली बसली आणि रडली. अकोल्याहून आल्यापासून ती अशी रडली नव्हती. मग उठून तिनं तोंड धुतलं, भाकरी टाकल्या आणि माझ्यासमोर बसून पोटभर जेवली. मी तिच्या ताटाकडे बघत होतो. तिच्या मनगटावर बांगड्या किती सैल झाल्यात ते मला आज दिसलं.

१७ मे

खालिद सरांना कळवलं. ते खूश झाले, पण लगेच विचारलं, सहांपैकी एकातच का? माल तोच, पाणी तेच, ऊन तेच. कुठून काही पडलं नाही ना? माणसाचा घाम लागला तरी फसतं. पुन्हा करून पाहा म्हणाले.

मी म्हणालो, तुम्हाला तुमच्या विद्यार्थिनीवर विश्वास नाही. ते म्हणाले, "तिच्यावर आहे. म्हणून तर विचारतोय."

२१ मे

पुन्हा केलं. चार नंबर पार घासून धुतली, फक्त बुडाकडचा आकडा सोडून. नवा माल घातला. आज तपासलं. जांभळा. बाकी निळे.

आता हे मी कुठल्या फळ्यावर मांडू? वर्गात पोरांना सांगतो की भांड्याला आठवण नसते. घासलं की झालं. या वाटीला आहे. मी दुपारी तिच्याजवळ छत्री घेऊन बसतो. आज बसल्या बसल्या जिन्यावर पावलं वाजली, हलकी, दोन दोन पायऱ्या घेणारी. ती तशीच यायची. मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कोणी नसतं, आणि मला ते पाहायचं नव्हतं. मी वाटीकडेच बघत म्हणालो, "ये, ऊन लागल." नंतर बराच वेळ तसाच बोलत होतो. परिषदेबद्दल सांगितलं, पहिलं नाव कसं दिसेल ते सांगितलं.

हे कोणी वाचलं तर मास्तर बिघडला म्हणतील. बिघडलो नाही. पुरावा दोनदा आला आहे.

२३ मे

आज सकाळी चारच्या वाटीच्या बाहेर, फरशीवर पांढरी रेघ दिसली. गोल, अर्धीच, कशाच्या तरी काठाची. बोटाला लागली ती मऊ. मी जिभेवर ठेवली. लॅबमध्ये पोरांनी असं केलं असतं तर मी थोबाडीत दिली असती.

पीठ.

डोकं सणकलं. शेवया. सुलतानबीच्या शेवया, तिचं पीठ वाऱ्यानं आमच्याकडे येतंय आणि मी महिनाभर त्यात साखळ्या शोधतोय. गव्हात प्रथिनं असतातच, म्हणजे तयार साखळ्या, रंग जांभळा होणारच. तसाच उघड्या पायांनी खाली उतरून तिच्या दारात गेलो आणि नको ते बोललो. तुम्ही लोक गच्चीवर काय वाटेल ते वाळवता, माझ्या पोरीचं काम नासवलं, असं सगळं. जिकरा, तिची सून, दारामागे उभी राहिली. सुलतानबी शांतपणे ऐकत होती. माझं संपल्यावर तिनं मला आत बोलावून पाणी दिलं.

"मास्तर, माह्या शेवया कापडाखाली राहतात," ती म्हणाली. "अन् हवा आली तर एकाच वाटीत येईन का? भाभी रोज मगरिबले, दिवस बुडता, वर बसते. चाळणी राहते, टोपलं राहते. मले वाटलं तुमाले ठावं हाय."

मी पाणी पिऊन घरी आलो. शीला तांदूळ निवडत होती. तिनं विचारलं, कुठं गेलते. मी म्हणालो, सुलतानबीकडे, सहज.

२४ मे

संध्याकाळी जिन्यात उभा राहून पाहिलं. शीला वाटीसमोर मांडी घालून बसली होती. चाळणीतून चिमूटभर पीठ वाटीत पाडलं, बोटानं सारखं केलं आणि दुरडीएवढं टोपलं वर झाकलं. हात जोडले नाहीत, काही पुटपुटली नाही. टोपल्यावर तळहात ठेवून बसून राहिली, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. सकाळी माझ्याआधी येऊन ती टोपलं काढत असणार, पाहत असणार, वरवर पीठ झटकून जाळी लावत असणार. तेराच्या संध्याकाळी तापाच्या कणकणीत ती टोपलं न झाकता, नुसती जाळी लावून खाली आली असणार. चौदा तारखेला ती आजारी पडली नसती तर ती मुंगीची पावलं तिला दिसली असती. वर्षभर ती ज्याची वाट पाहत होती ते आलं, आणि मी पाणी घालून ते विरघळवलं.

मी खाली उतरून आलो. आधी राग आला, इतका की दात दुखले. शिकलेल्या माणसाच्या घरात हे. मग राग कुठे ठेवावा ते कळेना.

२६ मे

खालिद सरांचा निरोप आला. ते निबंध लिहायला घेतायत, दोन्ही तपासण्यांचे फोटो पाठवा म्हणाले. फोटो माझ्याकडे आहेत. सुंदर आलेत. त्यात पीठ दिसत नाही.

सांगितलं तर रेणूचं नाव आभारात. आणि शीलाला काय सांगू? ती सोळा तारखेपासून जेवते आहे. काल तिनं केसांना तेल लावलं. तो जांभळा रंग म्हणजे तुझ्याच चाळणीतलं पीठ, असं सांगायचं? न सांगावं, फोटो पाठवावे, एक पोरगी पहिल्या नावानं छापून यावी, कोणाचं काय बिघडतं? असं मी आज दिवसभर म्हणत होतो. रेणू असती तर तिनं माझ्याकडे कसं पाहिलं असतं, ते मला नीट माहीत आहे. ती पहिलीत असताना मी तिच्या चित्राला कड गिरवून दिली होती, तर तिनं चित्र फाडून नवं काढलं होतं.

२७ मे

सांगितलं.

आडून आडून सुरुवात केली, प्रथिनं कशात कशात असतात, डाळीत, दुधात, गव्हात. शीला म्हणाली, सरळ बोला. सरळ बोललो. ती ऐकत होती. हातातल्या पदराला घड्या घालून पुन्हा सोडत होती.

"म्हंजे ते पीठ होतं," ती म्हणाली.

मी हो म्हणालो. पुढं बोलायला मी बरंच काही ठरवून ठेवलं होतं, की तुझी चूक नाही, तुला माहीत नव्हतं. तिनं बोलू दिलं नाही.

"मी वर्षभर पीठ पाहून राह्यली. तुमी वाटी पाहून राह्यले. मी निदान कोनाले सांगतलं नाही, का पोरगी आली म्हनून."

मी म्हणालो, ते शास्त्र होतं.

"दुपारी छत्री घेऊन कोनाशी बोलत होते तुमी?"

मी उठून जायला लागलो तेव्हा तिनं मागून विचारलं, "तिची बाटली कपाटात कायले लपवून ठेवली? तिच्या हातचं तर तेच हाय. त्यात मी काही टाकलं नाही. ते काहून नाही तपासत?"

मी म्हणालो, ते थोडंच आहे, एकदा गेलं की गेलं.

"तसं नाही," ती म्हणाली. "नाही निघालं तर, म्हनून."

मी तिच्यावर ओरडलो. असं ओरडलो की सुलतानबीच्या घरातला टीव्ही बंद झाला.

३१ मे

चार दिवस आम्ही कामापुरतं बोललो. खालिद सरांना खरं काय झालं ते कळवलं, फोटो पाठवले नाहीत. मला वाटलं ते चिडतील. ते म्हणाले, अशी फसवी वाटी त्यांच्याकडेही एकदा झाली होती, घाम लागून. मग म्हणाले, तिनं स्वतः भरलेलं काही उरलं असेल तर त्यावर अजूनही सगळं अवलंबून आहे, पाच तारखेपर्यंत कळवा. बाटलीबद्दल मी त्यांना कधी बोललो नव्हतो. रेणूच बोलली असणार.

गच्चीवरच्या वाट्या उचलल्या. चार नंबर शीलानं खाली आणली.

२ जून

ढग येऊन जातात, पण पाऊस नाही. सकाळचा उजेड चांगला होता. मी बाटली काढून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली आणि शीलाला म्हणालो, ये.

बूच निघत नव्हतं. तिनं पदरानं धरून फिरवलं. आतला पांढरा भुगा एका नळीत सगळाच्या सगळा ओतला. थोडा ठेवावा असं वाटलं होतं, पण थोड्यानं काही कळलं नसतं. बाटली उलटी करून ठोकली तेव्हा आतून काही येत नव्हतं, तरी मी ठोकत राहिलो. शीलानं माझ्या हातातून ती काढून घेतली.

पाणी घातलं. सोडा घातला. मोरचुदाचे थेंब घालताना तिनं माझं मनगट धरलं.

रंग यायला थोडा वेळ लागतो. मी नळी खिडकीपुढं धरली. आणि तो येताना मी पाहिला. आधी फिका, मग तळाशी गडद. जांभळा. त्या पिठासारखा भडक नाही, खरा, हलका, जसा असायला हवा तसा. फोन शेजारीच होता. सरांचं नाव काढून तो हातात घेतला, आणि मग कशानं कोण जाणे, थांबलो. नळी शीलाकडे दिली आणि म्हणालो, कोणता रंग आहे सांग.

तिनं ती उजेडात धरली. बराच वेळ पाहिलं. वर्षभर जिनं पिठात पाऊल शोधलं, एक मुंगीचं पाऊलही तिला पुरलं असतं, तिला फक्त एक शब्द बोलायचा होता.

"निळा हाय," ती म्हणाली.

मी म्हणालो, नीट पाहा.

"पाह्यलं. निळा हाय जी."

मी तिच्या हातून नळी घेतली. पांढऱ्या भिंतीसमोर धरली, पिठाच्या डब्याच्या झाकणासमोर धरली. शीलानं हात पुढं करून माझ्या डोळ्यांवर ठेवला, आणि तो तिथं असेपर्यंत मी रडलो.

मग खालिद सरांना लिहिलं, बाटलीतला नमुना तपासला, रंग निळा. त्यांचं उत्तर आलं, ठीक आहे, आणि थोड्या वेळानं आणखी एक, की आभारात तिचं नाव सगळ्यांत आधी असेल.

३ जून

आज वर्ष झालं. गोजराबाई धनजहून आली होती. जेवणं झाल्यावर तिनं इकडेतिकडे पाहत विचारलं, टोपलं कुठं हाय, आज पुन्हा पाहून घेऊ. शीलानं तिला सांगितलं, टोपल्यात कांदे भरलेत. आणि खरंच भरलेले होते.

चार नंबरची वाटी तिनं मिठाला घेतली आहे. मी हरकत घेतली नाही. बुडाचा आकडा आता दिसणार नाही, वाटी उचलल्याशिवाय.

ती नळी मात्र मी टाकली नाही. समोर खिडकीत उभी आहे. निळी आहे, शीलानं पाहिलंय, मी तसं लिहूनही दिलंय. पण लिहिता लिहिता मान वर केली की ती जांभळी दिसते.